घेवड्याचं पाणी सांडू नकोस

मॉन्ट्रियल

ती. आत्यास,


यंदाचा घेवडा खळ्यावरून घरात आला की विकायला काढण्याआधी त्यातला एक मापटंभर बाजूला ठेव, हे सांगण्यासाठी हे पत्र. फोनवर सांगून भागलं असतं, पण करायची कृती नीट लिहून द्यायला हवी, आणि तिच्यामागे जे आहे ते फोनवर सांगून होणार नाही. तू हैतीचा घेवडाभात करून पाहावास असं मला फार वाटतं. दिरी कोले त्याचं नाव. तुझ्या वाघ्या घेवड्याचा, तुझ्याच चुलीवर.

क्यूबाच्या पूर्वेला हिस्पॅनिओला नावाचं बेट आहे. त्याचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा म्हणजे हैती, उरलेला डोमिनिकन रिपब्लिक. आम्ही राहतो त्या शहरात हैतीची माणसं पुष्कळ आहेत. 1960 नंतर फ्रान्स्वा दुवालिये याच्या हुकूमशाहीला कंटाळून तिथले डॉक्टर, शिक्षक, परिचारिका इकडे आले, त्यांच्या मागून कामगार आले. इथे फ्रेंच चालतं, हेही एक कारण. आमच्या खालच्या मजल्यावर अशाच एक बाई राहतात, आर्तिबोनित खोऱ्यातल्या. त्यांना सगळी मुलं मातांत म्हणतात, म्हणजे मावशी, म्हणून मीही म्हणते. हा भात मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून शिकले. त्यांनी माप कधी सांगितलं नाही. वाट्यांची मापं मी माझ्या घरी करताना बसवली आहेत.

आधी घेवडा. एक वाटी घेवडा रात्री भिजत घाल. सकाळी ते पाणी ओतून दे. नव्या आठ-नऊ वाट्या पाण्यात, तीन-चार ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या टाकून, पातेल्यात शिजायला लाव. कुकर नको. कुकरमध्ये दाणा कधी राहतो, कधी फुटून लगदा होतो, आणि या भातात दाणा अख्खा दिसला पाहिजे. पहिली दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळू दे. कच्च्या घेवड्यात लेक्टिन नावाचं पोट बिघडवणारं द्रव्य असतं, ते नुसत्या मंद आचेवर जात नाही. मग आच कमी कर. दाणा बोटांत दाबला की आतून पिठूळ लागावा, पण साल टिकलेली असावी. आता तो गाळ, आणि आत्या, खाली जे लालसर तपकिरी पाणी उरतं ते थेंबभरही सांडू नकोस. भिजवल्याचं पाणी टाकायचं, शिजवल्याचं राखायचं. या पदार्थाचा सगळा जीव त्या पाण्यात आहे. तांदूळ त्यातच शिजतो, रंग त्याचाच चढतो, चव त्याचीच उतरते. साध्या पाण्यात भात करून वरून घेवडा कालवला तर तेही खाण्यासारखं लागेल, पण त्याला दिरी कोले म्हणता येणार नाही.

यासाठी तुझाच घेवडा का मागते आहे, तेही सांगते. हैतीत या भाताला लाल घेवडा लागतो, काही जण काळा घेतात. हा दाणा मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबस 1492 च्या डिसेंबरात या बेटावर उतरला तेव्हा तिथले तायनो लोक कसावा, मका आणि घेवडा पिकवत होते. पुढच्या काही दशकांत तायनो जवळजवळ संपवले गेले, दाणा मात्र राहिला आणि युरोपी जहाजांबरोबर जगभर फिरला. आपल्या कोरेगावच्या माळावर ज्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो वाघ्या घेवडा याच जातकुळीतला. म्हणजे तू दर पावसाळ्यात जे पेरतेस ते मातांतच्या गावच्या पिकाचं भावंड आहे. वाघ्याची साल पातळ आणि पाणी दाट, म्हणून मला वाटतं तुझ्याकडचा भात इथल्या दुकानातल्या राजम्याच्या भातापेक्षा सरस होईल.

आता वाटण. हैतीच्या प्रत्येक घरात ते करून ठेवलेलं असतं, त्याला एपीस म्हणतात. कांद्याची पात, लसूण, ढोबळी मिरची, पार्सली, थाईमची पानं, दोन-तीन लवंगा, लिंबाचा रस, थोडं तेल. मातांतकडे लाकडी उखळी आहे, तू खलबत्त्यात कूट. मिक्सरमध्ये फिरवलंस तर पाणी न घालता, जाडसरच ठेव. पार्सली साताऱ्याच्या मंडईत मिळेल न मिळेल. कोथिंबीर घातलीस तर अगदी बेताची, नाहीतर भात आपल्याच वळणावर जाईल. थाईमची अडचण नाही. थाईममध्ये आणि ओव्यात थायमॉल हे एकच द्रव्य असतं, तेव्हा कुंडीतल्या पानओव्याची दोन पानं चिरून टाक, काम भागेल. हळद नको, जिरं नको, गरम मसाल्याचा डबा तर उघडूच नकोस. मला माहीत आहे, हात आपोआप तिकडे जातो. पण एखाद्याच्या घरचं अन्न करायचं तर ते त्याच्या रीतीने करावं, एवढा मान त्या घराला द्यावा असं मला मनापासून वाटतं.

जाड बुडाच्या पातेल्यात पळीभर तेल तापव, दोन-तीन चमचे एपीस परत, वास सुटला की गाळलेला घेवडा त्यात घाल आणि चांगला परत. ही पायरी घाईत गाळली जाते आणि तिथेच भात बिघडतो. दाण्यावरचं पाणी आटून साल किंचित कडक व्हायला हवी, तेव्हा कुठे एपीसचा वास दाण्याला धरतो आणि पुढे तो फुटत नाही. मग राखलेलं पाणी मोजून घाल: दोन वाट्या तांदळाला साधारण पावणेचार वाट्या. कमी पडलं तर गरम पाण्याने भरून काढ. काही घरांत यातलं वाटीभर कमी करून नारळाचं दूध घालतात. तुला आवडेल, पण पहिल्या वेळी घालू नकोस, आधी नुसत्या घेवड्याची चव कळू दे. मीठ, दोन लवंगा. पाण्याची चव घेऊन बघ, ते किंचित खारट लागायला हवं.

तांदूळ कोणता, हे विचारशीलच. इंद्रायणी नको, आंबेमोहोरही नको. दोन्ही गोळा होतात आणि आंबेमोहोराचा वास घेवड्याला दाबतो. जुना कोलम घे. तीन पाण्यांनी धू, उकळत्या पाण्यात सोड, एकदाच ढवळ. झाकण न ठेवता पाणी वरून दिसेनासं होईपर्यंत शिजू दे. भातावर भोकं पडली की एक अख्खी मिरची वर ठेव. त्यांची मिरची पिमान बुक, बुटकी, सुरकुतलेली आणि जाळ तिखट, पण तिचा वास पिकल्या फळासारखा. तिला देठासकट अख्खी ठेवतात आणि भात होताच अलगद उचलतात. तिखट उतरू द्यायचं नसतं, फक्त वास घ्यायचा असतो. तशी मिरची तुझ्याकडे नाही, म्हणून एक हिरवीगार जाड मिरची ठेव, आणि उचलताना ती फुटणार नाही हे बघ. वर केळीचं पान, त्यावर घट्ट झाकण, आच अगदी मंद. वीस-पंचवीस मिनिटं झाकण काढू नकोस.

तिथे हे सगळं बहुतेक घरांत कोळशावर होतं. भांडं म्हणजे शोद्ये, भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून ओतलेलं जाड, गोल बुडाचं पातेलं. त्यात बुडाशी भाताची खरवड धरते, खमंग, तपकिरी, घेवड्याच्या पाण्याने रंगलेली. तिला ग्रातें म्हणतात आणि तिच्यावरून मुलांची भांडणं होतात. तुझ्या चुलीवर ती गॅसपेक्षा चांगली धरेल. शेवटची पाच मिनिटं निखारा जरा वाढव आणि नाकाने लक्ष ठेव.

भाताचा एक दुसरा प्रकार आहे, त्यात भात पांढरा आणि घेवड्याचा दाट घोटलेला रस्सा वेगळा, वरून ओतायचा. तो रोजचा म्हणून चांगलाच. उत्तरेत काप-आइसियाँच्या बाजूला काळ्या वाळवलेल्या अळंब्यांचा भात करतात, दिरी जोंजों. अळंब्या गरम पाण्यात भिजवून ते काळंभोर पाणी तेवढं घेतात, कडक देठं टाकून देतात. तो लग्नाकार्याचा भात. पण एखाद्याने मला हैतीचं एकच ताट वाढ म्हटलं तर मी दिरी कोलेच वाढीन. तिथे त्याला देशाचा भात असंही म्हणतात.

हा भात कुठून आला? घेवड्याचं सांगितलं. तांदूळ आणि तो शिजवणारे हात समुद्रापलीकडून आले. फ्रेंचांच्या काळात या वसाहतीचं नाव सें-दोमिंग होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथे जवळपास 5 लाख गुलाम ऊस, कॉफी आणि नीळ पिकवत होते, बहुतेक आफ्रिकेतून पकडून आणलेले. 1685 च्या फ्रेंच फर्मानाने, कोड न्वार त्याचं नाव, मालकाने गुलामाला दर आठवड्याला कसावाचं पीठ आणि खारवलेलं मांस किंवा मासे द्यावेत असं ठरवून दिलं होतं. मालक ते टाळत. त्याऐवजी डोंगरउताराचा एखादा निकस तुकडा देत, की पिकवा आणि खा. दिवसभर उसात राबून उरलेल्या वेळात आणि रविवारी या माणसांनी त्या तुकड्यांवर रताळी, केळी, मका, शेंगा लावल्या, उरलेलं बाजारात विकलं. पश्चिम आफ्रिकेत भात आणि चवळी एकाच भांड्यात शिजवण्याची रीत आहे, घानात तो वाक्ये नावाने रस्त्यारस्त्यावर मिळतो. ती रीत हातांना ठाऊक होती, चवळीच्या जागी बेटावरचा घेवडा आला. कुणी खानसाम्याने बसून रचलेला हा पदार्थ नाही. ज्यांच्याकडून सगळं हिसकावून घेतलं होतं त्यांनी हाताशी आलेल्या दाण्यांतून तो उभा केला.

आणि मग त्याच माणसांनी राज्य उलथवलं. 1791 च्या ऑगस्टमध्ये उठाव झाला, बारा वर्षं लढाई चालली, नेपोलियनचं सैन्य हरलं, आणि 1 जानेवारी 1804 रोजी गोनाईव्ह शहरात जाँ-जाक देसालिन यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. गुलामांनी लढून स्थापन केलेला जगातला हा पहिला देश. शाळेत आपल्याला फ्रेंच राज्यक्रांती पानंच्या पानं शिकवली, हैतीच्या या क्रांतीबद्दल एक ओळ नव्हती. याचा मला अजून राग येतो. त्या दिवसाची आठवण म्हणून दर 1 जानेवारीला हैतीच्या घराघरांत लाल भोपळ्याचं सूप करतात, सूप जुमू. 2021 मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. दिरी कोलेला तसा एखादा दिवस नाही. तो वर्षभर असतो, विशेषतः रविवारी.

स्वातंत्र्याची किंमतही वसूल झाली. 1825 मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं बंदरात आणून 15 कोटी फ्रँकची भरपाई मागितली, कशाची, तर गमावलेल्या मळ्यांची आणि माणसांची. 1838 मध्ये ती 9 कोटींवर आली, पण त्यापायी काढलेली कर्जं फेडण्यात 1947 उजाडलं. ज्या पैशात रस्ते, शाळा, पाटबंधारे व्हायचे तो असा गेला.

आत्या, पुढचं तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. मातांतचं आर्तिबोनित खोरं म्हणजे हैतीचं भाताचं कोठार. 1980 च्या आसपास देश आपल्याला लागणारा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. मग बाजार खुला करण्याची सक्ती झाली, आणि 1995 मध्ये तांदळावरची जकात 50 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आली. अमेरिकेचा सरकारी मदतीवर पिकलेला स्वस्त तांदूळ बंदरात उतरला. लोकांनी त्याला मियामीचा तांदूळ असं नाव दिलं. खोऱ्यातल्या शेतकऱ्याला त्या भावात पिकवणं परवडेना, पोरं राजधानी पोर्त-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्ट्यांत गेली. मार्च 2010 मध्ये, हैतीतल्या मोठ्या भूकंपाला दोन महिने होत असताना, अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे खुद्द माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कबूल केलं की या धोरणाने आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल, पण हैतीने स्वतःचं अन्न पिकवायची ताकद गमावली. कबुलीने शेतं परत आली नाहीत. 2021 च्या मे महिन्यात आपल्याकडे तुरीची आयात खुली झाली, म्यानमार आणि मोझांबिकची तूर येऊ लागली, तेव्हा बाजार समितीच्या आवारात तू काय ऐकलंस ते आठव, म्हणजे मातांतच्या भावांचं काय झालं ते मी वेगळं लिहायला नको.

म्हणून आजच्या दिरी कोलेत तांदूळ बहुतेकदा परका असतो. घेवडा मात्र अजूनही डोंगरउतारावरचे लहान शेतकरी पिकवतात, आणि तो शहरात आणतात बायका. त्यांना मादान सारा म्हणतात. खेडोपाडी फिरून त्या घेवडा, केळी, कांदा विकत घेतात, मालाच्या पोत्यांवर बसून ट्रकने रात्रभर प्रवास करतात आणि पहाटे शहराच्या बाजारात बसतात. तिथे धान्य तराजूवर मोजत नाहीत, पत्र्याच्या डब्याने मोजतात, मामित त्याचं नाव. तुझं मापटं बघितलं असतं तर त्यांना लगेच ओळख पटली असती. गेल्या काही वर्षांत राजधानीकडे जाणारे रस्ते टोळ्यांनी अडवले आहेत, वाटेत खंडणी घेतात, ट्रक पळवतात. 2024 मध्ये 54 लाख माणसांना, म्हणजे जवळपास निम्म्या देशाला, पोटभर अन्न मिळत नव्हतं. अशाही दिवसांत या बायकांनी बाजार बंद पडू दिला नाही.

म्हणून कुणी या भाताला गरिबांचं जेवण म्हटलं की मला ते पटत नाही. तांदळात लायसिन कमी, घेवड्यात मेथिओनिन कमी, दोन्ही एकत्र आले की प्रथिनं पुरी पडतात. हे शास्त्राने नंतर सांगितलं, जेवणाऱ्यांना त्यांच्या अंगमेहनतीने आधीच कळलं होतं. ज्या पदार्थात दाण्याचं पाणीसुद्धा वाया जात नाही, ज्याला वासावर चालवता येणारा हात लागतो, तो पदार्थ विचारपूर्वक घडलेला आहे.

सोबत काय करशील? कच्ची केळी सोलून जाड काप तळ, दाबून चपटे कर, पुन्हा तळ. पिक्लीझ मात्र करच: कोबी आणि गाजर बारीक लांब चिरून, कांदा, दोन-तीन तिखट मिरच्या, मिरे, लवंग, मीठ, सगळं बुडेल एवढं व्हिनेगर. काचेच्या बरणीत निदान एक दिवस मुरू दे. तिथे लिंबात मुरवून तळलेलं डुकराचं मटण, ग्रियो, याच्याबरोबर असतं. आपल्या घरी ते चालणार नाही, पण वांगी, कोबी आणि पालक एकत्र घोटून केलेली लेगिम नावाची भाजी असते, ती तुझ्या हातची छान होईल.

आता शेवटचं, आणि यासाठीच खरं तर मी एवढं लिहीत बसले. डिसेंबर आला की हैतीत हाच भात घेवड्याऐवजी प्वा काँगोचा करतात. नाताळच्या जेवणात तो असतोच. मातांतनी पहिल्यांदा त्याच्या ओल्या शेंगा दाखवल्या तेव्हा मी बघतच राहिले. ती तूर आहे, आत्या. आपली तूर. तिचं मूळ भारतातलं; आपल्याकडून ती आफ्रिकेत गेली, आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियनला पोचली. तुझ्याकडचा घेवडा त्यांच्याकडून आला, त्यांची तूर आपल्याकडून गेली, आणि दोन्हीकडच्या बायकांनी ते दाणे इतके आपले केले की कुणाला परके वाटत नाहीत. ओले दाणे भिजवावे लागत नाहीत, शिजतातही लवकर. बाकी रीत तीच, पाणी तसंच राखायचं, आणि या वेळी नारळाचं दूध जरूर घाल.

तर आधी घेवड्याचा कर. मग मार्गशीर्षात बांधावरच्या तुरीच्या शेंगा भरल्या की ओले दाणे सोलून त्यांचा कर, आणि कसा झाला ते मला सविस्तर कळव. मातांतना मी शब्द दिला आहे की कोरेगावच्या तुरीचा भात कसा होतो ते त्यांना सांगेन.

तुझी भाची